भिंतीवरचं चाक

नेऱ्यातल्या या खोलीत राहायला आले तेव्हा घरमालक काकांनी एकच अट घातली : भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई. बाकी मांजर पाळलं तरी चालेल. मी मान डोलावली. पण परभणी सोडल्यापासूनची ही माझी चौथी खोली, आणि चारही खोल्यांच्या भिंती कोऱ्या. कोऱ्या भिंतीकडे बघत जेवायचा मला खरंच वीट आला होता.

शेवटी बैलगाडीच्या चाकाचं मोठं चित्र मागवलं, काचेच्या फ्रेमसकट. ते आलं त्या दिवशी काका तहसीलच्या कामाला पौडला गेले होते. घरात हातोडी नव्हती, खलबत्त्यातला बत्ता होता. खिळा वाकडा गेला, पण चित्र लागलं, आणि खोली एकदम माझी वाटू लागली.

तो आनंद दोन तासांचा. काका पाण्याची टाकी बघायला वर आले आणि माझ्या दारात थबकले. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि मला इथून जायचं नव्हतं. आता बांधा सामान, मी स्वतःला म्हटलं.

काका खिळ्याबद्दल बोललेच नाहीत. जवळ जाऊन त्यांनी बोटाने चाकाचे आरे मोजले.

"बारा हायेत, बरोबर हाय. पर ही धाव बघ, कुटंच झिजली न्हाई. ह्ये चाक रस्त्याला लागलंच न्हाई कधी."

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, हे मला तेव्हा कळलं.

"माज्या गाडीची चाकं रिसॉर्टवाल्यानं नेली," ते म्हणाले. "भिंतीला लावाया. मला वाटलं, तेवढा एकच खुळा हाय."

आणि खाली गेले. पुढचे कितीतरी दिवस मी जिन्यात त्यांना चुकवत होते. चोराच्या मनात चांदणं.

खंडेनवमीला सकाळी अंगणात विळे, कोयते, काकांची मोटार, सगळं धुऊन पूजेला मांडलं होतं. काकांनी खालून हाक मारली, "पोरी, तुजं चाक घिऊन ये."

मी फ्रेम काढली, तर तिच्याबरोबर खिळाही निघून आला. खाली काकूंनी काचेवर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

"घरात बैलगाडीचं चाक न्हाई, अशी ही पयलीच नवमी," काका म्हणाले.

पूजा झाल्यावर ते हातोडी आणि बोटभर लांब खिळा घेऊन माझ्यामागोमाग वर आले. मी म्हटलं, "काका, तुम्हाला न विचारता ठोकला होता, चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच," म्हणत त्यांनी चार घावांत खिळा सरळ आत घातला, फ्रेम अडकवली आणि हलवून बघितली.

"आता जायाचं नाव काडू नको. ह्यो खिळा निघायचा न्हाई."