शोभाताईचा घाम

डॉक्टरमॅडम माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "थुंकी गिळा." मी गिळली. त्यांच्या बोटांखाली काहीतरी वर सरकलं आणि परत खाली गेलं.

"गळा कधीपासून सुजलाय?"

सुजलाय हेच मला तेव्हा कळलं. तिथे मंगळसूत्रासोबत शोभाताईचा टाक असतो, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटीशी मूर्ती. दुसऱ्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. शोभाताई माझी सख्खी थोरली बहीण. पोटुशी असतानाच ती गेली, पोटातलं बाळही गेलं आणि पुढे मला तिच्याच घरात दिली. लग्नाआधी मी ह्यांना दाजी म्हणायचे. त्यामुळे गळा जड वाटला की घरात सगळ्यांची नजर टाकाकडेच जायची.

"हायपरथायरॉईडिझम आहे," रक्ताचा रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते आणि सगळं शरीर उगाच धावत सुटतं. घाम येतो, छाती धडधडते, हात कापतात, पोटभर खाऊनही वजन उतरतं. मग त्यांनी विचारलं, "आई, बहीण, कुणाला असा त्रास होता का?"

माझ्या एका बाजूला आई बसली होती, दुसऱ्या बाजूला हे. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

घाम सुरू झाला तो पौषातल्या थंडीत, मी पोटुशी असताना. आमचं घर वडीगोद्रीजवळ, मळ्यात. सगळे शाली पांघरून शेकोटीशी आणि मी पंख्याखाली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गरोदरपणात घाम येतोच, पाणी भरपूर प्या, सुती सैल कपडे घाला. चूक नव्हतं ते. बहुतेकींचा घाम साधाच असतो, मीही तुम्हाला तेच सांगेन. मी गाऊन बदलत राहिले, खांद्यावर पंचा टाकून फिरत राहिले. सासरी मला हमाल म्हणून चिडवायचे, मीही हसायचे.

पण माझा घाम थांबेना. मी घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाच्या कापडावर ओले डाग पडायला लागले. हात असा कापायचा की सुईत दोरा ओवता येईना. नुसती बसले तरी छातीत धडधडायचं.

एके दिवशी दुपारी जरा आडवी झाले होते. उठले तर चटईवर माझी अख्खी आकृती ओली उमटलेली. डोकं, खांदे, पोट. सासूबाई दारात उभ्या राहून त्या आकृतीकडे बघत होत्या.

"शोभाचीबी अशीच चटई भिजायची," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मला घाम फुटलेला होताच, तरी अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं.

त्यानंतर मला जिथे तिथे तीच दिसू लागली. मी जास्तीची भाकरी खायचे, तरी बांगड्या मनगटावरून घसरायच्या. सासूबाई म्हणायच्या, "खाऊन तू राह्यली, पर अंगाला दुसरीच्याच लागून राह्यलं." भिंतीवर शोभाताईचा शेवटचा फोटो आहे. त्यात तिचे डोळे मोठे, पुढे आलेले, दचकल्यासारखे दिसतात. एका सकाळी आरशात बघितलं तर तेच डोळे माझ्या तोंडावर. मी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

ताईची ओटी भरायची राहून गेली होती. त्याआधीच ती गेली. म्हणून ती परत आलीय, असं सासूबाईंचं म्हणणं. आईलाही पटलं, ताईची ती ओटी भरायलाच ती माहेराहून आमच्याकडे येऊन राहिली होती. एका शुक्रवारी सकाळी पाट मांडला, त्यावर माझ्या गळ्यातला टाक काढून ठेवला, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, शेवयांची खीर. मेलेल्या पोरीचं डोहाळजेवण. खिरीचा नैवेद्य दाखवून तीच वाटी मला खायला दिली. हनुवटीवरून घाम टपकून खिरीत पडत होता आणि दोघी हात जोडून बघत होत्या.

"आली," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मी काही शहाणी नव्हते, मलाही ती शेजारी बसलेली वाटत होती. मनात म्हटलं, ताई, मला ने, पण लेकराला राहू दे. तेवढ्यात छाती इतकी उडायला लागली की वाटी हातातून पडली.

हे दारात होते. आत आले आणि मला उठवून उभं केलं. सासूबाई मधे पडल्या, विधी अर्धा टाकू नये म्हणाल्या. हे म्हणाले, "एकदा नुसतं बघत राह्यलो, माय. आता बिलकुल न्हाई." तशाच ओल्या अंगानं मला जालन्याला आणलं. आई मागून गाडीत चढली.

आणि आता मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. शेवटी आईच बोलली. घाम, डोळे, कापणारे हात, आठव्या महिन्यात कळा सुटल्यावर आलेला फणफणता ताप, तिनं सगळं सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. पण हा आजार बहिणीबहिणींत येतो. उपचार नसले तर कळांच्या वेळी थायरॉईड स्टॉर्म होऊ शकतं." म्हणजे ग्रंथीचं वादळ. ताप चढतो, हृदय काबूत राहत नाही. "ह्यांना आपण तिथवर जाऊ द्यायचं नाही. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही."

गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला जालना, रक्त, सोनोग्राफी, बाकड्यावर वाट बघणं. घाम एकदम गेला नाही, हळूहळू ओसरला. एका दुपारी मी उठल्यावर सासूबाईंनी चटईवर हात फिरवला. कोरडी होती. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गेली म्हणायची," एवढंच बोलल्या. मला त्यांचा राग आला, तरी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मुलगी झाली, दिवस भरून. आईचा त्रास बाळात उतरू शकतो म्हणून बाळाचंही रक्त तपासलं. ठीक निघालं. मी अंथरुणातूनच मॅडमना हात जोडले.

त्या वळल्या तेव्हा आईनं विचारलं, "मंग माझी शोभा जगली असती?"

मॅडम परत आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. "वेळेत कळलं असतं तर बहुतेक हो."

आई खुर्चीत बसून राहिली. पोर नशिबानं नेली, हे तिनं कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येत नव्हतं. घरात भूत होतं तेव्हा मी भ्यायले होते, पण आईच्या त्या तोंडाची मला जास्त भीती वाटली. मी बाळ पुढे केलं, तिनं घेतलं नाही.

संध्याकाळी ती आपणहून जवळ आली. बाळाला मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, "लोकायला सांग. लपवू नको. शोभाचं नाव घेऊन सांग."

म्हणून नाव घेऊन सांगितलं.