मामाजींनी मजेला दिलेले गुण

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की सासरे जरा मोकळे होतात, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला मी तेव्हाच गेलो. बायकोला घेऊन वरठीहून मोटारसायकलने सासरी सिहोऱ्याला पोचलो, तर बैठकीतल्या टीव्हीखाली एक काळा डबा, वर छोटा कॅमेरा, आणि शेजारी माझी मेहुणी कागद घेऊन उभी. ती शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकते. अंग हलवून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये लोकांना मजा किती येते, हे मोजायचं काम तिला मिळालं होतं. कॉलेजातली पोरं मोजून झाली होती, आता मोठी माणसं हवी होती. नाडीचे ठोके मोजायला मनगटाचा पट्टा मिळतो, मजेला तसा पट्टा नाही, ती माणसालाच विचारावी लागते, असं तिने मला समजावलं.

घरात त्या दिवशी पुरुष म्हणजे सासरे आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. माणूस कमी बोलणारा. धान आणि तब्येत यापलीकडे आमचं बोलणं तोवर गेलंच नव्हतं. मेहुणीने आम्हाला टीव्हीसमोर उभं करून बॉक्सिंग लावलं. आपण हवेत हात मारायचा, पडद्यावरचा आपला पैलवान समोरच्याला ठोसा मारणार.

आता सासऱ्यांना ठोसा मारायचा कसा? मी हात छातीशी धरून उभा राहिलो. जावयावर हात कसा उगारावा, ही मामाजींची अडचण. पडद्यावरचे पैलवान एकमेकांकडे बघत नुसते डुलत राहिले आणि वेळ संपली.

मग प्रश्न. मजा आली, कंटाळा आला, अंगात उत्साह आला, अशी वाक्यं ती वाचायची आणि आपण प्रत्येकाला एक ते सातपैकी गुण द्यायचे. मामाजींनी मजेला सात दिले आणि कंटाळ्यालाही सात. पोरीच्या अभ्यासात हात आखडता कशाला, असं त्यांना वाटलं. त्यांच्यापेक्षा कमी देणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही तेच दिले.

मेहुणीने कागद खाली ठेवले. "बाबा, खरं खेळा नं. हे असं नेलं तं मॅडम मले वापस पाठवतील."

तिने मामाजींना एकट्यालाच मशीनशी खेळायला लावलं. मशीनला कुणाचा मान ठेवायचा नव्हता. पहिल्या ठोशातच मामाजींचा पैलवान आडवा झाला. मामाजींनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि असे हात चालवले की मेहुणीने तिपाई उचलून बाजूला नेली. मशीनचा माणूस पडला, तेव्हा धापा टाकत ते माझ्याकडे वळले.

"या जवाईबापू. आता मानपान राहू द्या."

सुरुवातीचे ठोसे मी सोसले. मग माझंही डोकं तापलं आणि मीही मारायला लागलो. आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांना पडदा दिसला नाही, आम्ही दोघे दिसलो. जवायाचं काय चुकलं, असं त्यांनी माझ्या बायकोला घाबरून विचारलं. बायको हसत खालीच बसली, तिला सांगता येईना. शेवटी सासूबाईंनी ताटं वाढली आहेत एवढंच सांगितलं आणि टीव्हीचं बटण बंद केलं.

जेवताना मेहुणीने पुन्हा गुण विचारले. मी मजेला सहा दिले. मामाजींनी दोन.

तिचा चेहरा उतरला. "काहून बाबा? एवढे तं खेळले तुम्ही."

"मजा येऊन राहिली होती," मामाजी भात कालवत म्हणाले, "तं तुझ्या मायनं बंद करून टाकलं. मंग दोनच."

हे कसं मांडायचं ते तिला कळेना. तिने दोन लिहिले आणि शेजारी बारीक अक्षरात कारणही लिहिलं.

डबा दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. सकाळी ती गुंडाळायला गेली, तर मामाजी आंघोळ करून टीव्हीसमोर उभे. आपल्या घरची मोजणी अजून व्हायची आहे, असं कॉलेजात फोन करून सांग, म्हणाले. जवाईबापूही परवापर्यंत थांबणार आहेत. मी थांबणार आहे हे मला तेव्हाच कळलं. मी अंगणात जाऊन वरठीला माझ्या साहेबांना रजा वाढवून मागायला फोन लावला.