फुकट दिलेलं रक्त

आमच्या घरात फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी लगेच हात लावत नसे. वडील निजामाच्या अमदानीतले मुन्सफ. उभा जन्म खोट्या साक्षी ऐकण्यात गेल्यामुळे दूधवालासुद्धा त्यांच्या लेखी आधी आरोपी आणि मग दूधवाला. मीही त्यांचीच लेक. अजूनही कुणी फार गोड बोललं की माझे कान टवकारतात.

राज्याची वाटणी झाली तेव्हा या स्वभावाला आयतंच खतपाणी मिळालं. हैदराबादचे तीन तुकडे झाले. मराठी नोकरदारांपैकी कोण औरंगाबादकडे जाणार आणि कोण इथं हैदराबाद शहरातच राहणार, हे ठरायचं होतं. माझा थोरला भाऊ आबिड्सच्या एका कचेरीत होता. तिथली जागा एक आणि डोळा ठेवून बसलेले दोघे, असं वडिलांचं मत. एक माझा भाऊ, दुसरा त्याच्या शेजारच्या टेबलावरचा तेलुगू गृहस्थ. भाऊ गेला की जागा त्याची. शालीबंडा मोहल्ल्यातलं आमचं घर सोडावं लागणार या धास्तीनं आईला जेवण जात नव्हतं.

त्यातच वहिनी बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. रक्त द्यावं लागेल, तेही लगेच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. भावाचं जुळलं नाही. वडिलांचं वय झालेलं. डबे आणि थर्मास घेऊन दवाखान्यात जमलेले आमचे नातेवाईक रक्ताचं नाव निघताच पांगले. एकाला वकिलाकडे जायचं आठवलं, एकाला तिथंच चक्कर आली. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. फाटकापाशी रक्त विकणारे उभे असत, पण त्यांचे पिवळे चेहरे पाहून वडील मागे फिरले. भाऊ रजा सांगायला म्हणून कचेरीत गेला आणि परतला तो त्या तेलुगू गृहस्थाला घेऊन. त्याचं रक्त जुळलं. बाटलीभर रक्त देऊन, चहा पिऊन तो आपला कामावर निघून गेला. संध्याकाळी वहिनीनं डोळे उघडले.

आईनं देवापुढे साखर ठेवली. वडील मात्र येरझाऱ्या घालत होते. सख्खे पळाले आणि हा का आला, हे त्यांना कळत नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी उत्तर शोधून काढलं. हा उपकार तो जागेच्या रूपानं वसूल करणार.

मग आधीच फिटंफाट करून टाकावी म्हणून त्यांनी चकल्या-अनारशांचा डबा त्याच्या घरी पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांच्यातही होती. डबा आला तो सकिनालूंनी भरून, तीळ घातलेली तांदळाची कुरकुरीत कडी. आम्ही मिटक्या मारत खाल्ली, वडिलांनी एकही तोंडात टाकलं नाही. आम्ही तिळगूळ पाठवला, तर तिकडून चिंचेचं लोणचं आलं. फेड काही होईना.

शेवटी हुकूम निघाले. भाऊ हैदराबादेतच राहिला आणि त्या गृहस्थाची बदली वरंगलला झाली. पेढे वाटायचे सोडून आमच्या घरात सुतकी शांतता पसरली. आता तो येणार आणि अदलाबदल मागणार, असं तो विषय निघाला की वडील म्हणत. आणि त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? भावाची झोप उडाली. मला तर त्या माणसाचा रागच आला होता. वहिनी घरात हिंडूफिरू लागली होती, पण ती समोर आली की आम्ही बोलायचं थांबत असू.

एका रविवारी सकाळी तो आलाच. वडिलांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. एक काम होतं, तो म्हणाला. भावानं मान खाली घातली.

काम असं होतं. हा दवाखान्यात नेहमीच रक्त देत असे, हे आम्हाला तेव्हा कळलं. वरंगलला जातोय एवढं सांगायला तो तिथं गेला होता. एक बाळंतीण अत्यवस्थ होती आणि तिला त्याचं रक्त चालत नव्हतं. भावाचं चाललं असतं. दोघांची तपासणी एकाच बाकावर झाली होती, म्हणून भावाचा गट त्याच्या लक्षात राहिला होता.

वडिलांनी उलटतपासणी सुरू केली. बाई कुठली, कुणाची, नवरा काय करतो? त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

"तो फिर आपकी कौन लगती वो?" वडिलांनी विचारलं.

"कोई नईं साब," तो म्हणाला. "आपकी बहू मेरी कौन थी?"

वहिनी सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. ती दारात आली. "मामंजी, ह्यांना जाऊ द्या," एवढंच म्हणाली आणि भावाचे बूट आणून त्याच्यापुढे ठेवले.

भाऊ जाऊन रक्त देऊन आला. दुपारी वडील कुणाला न सांगता रिक्षा करून दवाखान्यात गेले. बाई कशी आहे, हे त्यांना कुणी सांगेना. तुम्ही तिचे कोण, म्हणून दारावरच अडवलं. घरी आले ते संतापून. हे लोक सरळ बोलत नाहीत, काहीतरी लपवताहेत, असं रात्री ताटावर बसूनही त्यांचं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेले. बाई उठून बसली, पेज प्यायली, हे एका आयाकडून कळलं, तेव्हा कुठे ते घरी येऊन नीट जेवले.