अट क्रमांक सोळा

शुभा पेडणेकरने अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एकोणीस वर्षं पर्यावरणाचं रक्षण केलं, आणि या सगळ्या काळात ऑफिसातून तिला हिरवं दिसलं ते खिडकीतलं मनीप्लांट. कुठे खाण, कुठे जेट्टी होणार असली की तिथल्या पाण्याची, प्राण्यांची काळजी कशी घेतली जाईल याचा अहवाल आमची कंपनी करायची. शुभा तो टाइप करायची. मी शेजारच्या टेबलावर नकाशे रंगवायचो.

काळजी घेणं सोपं होतं. जुना अहवाल उघडायचा, गाव बदलायचं, जिल्हा बदलायचा, सेव्ह करायचं. घाटकोपरहून ती मेट्रोने यायची आणि डबा उघडायच्या आत एक जंगल वाचवून मोकळी व्हायची.

मागच्या वर्षी चंद्रपूरकडच्या एका कोळसा ब्लॉकचं काम आलं. खाली कोळसा किती आहे ते बघायला तिथे बावन्न बोअर मारायचे होते. अटी मंजूर होऊन तिथे मशीनं सुरूही झाली, तरी पूर्ण अहवाल छापायचा राहिलाच होता. छापायच्या दिवशी प्रिंटर अडकला, आणि तो सुरू होईपर्यंत काय करायचं म्हणून शुभाने अहवाल वाचला. प्राण्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरावर समुद्री कासव होतं.

ती आमचे साहेब श्यामकांत यांच्या केबिनमध्ये गेली. काचेचं दार उघडंच होतं.

"सर, चंद्रपूरला समुद्र कुठून आला?"

"जेट्टीच्या रिपोर्टातलं राहिलं असेल. काढून टाक."

"मग तिथे काय घालू?"

"जंगल आहे ना? अस्वल घाल एखादं."

"पण आहे का तिथे अस्वल?"

साहेब वैतागले. "एवढी शंका असेल तर तूच जाऊन बघून ये ना!"

टोमणा होता. शुभाने तो मंजुरी समजून तिकीट काढलं. नवरा नंदकुमार म्हणाला, "अगं, अस्वलं मोजायला तिथे दुसरं कोणी नाही का?" ती म्हणाली, "मोजायची कुठे आहेत? टाइप करायचीत."

पुढचं तिने परत आल्यावर मला सांगितलं. बोअरच्या मशीनशेजारी चिखलपाण्याचा खड्डा उघडाच होता. आदल्या आठवड्यात नीलगायीचं पिल्लू त्यात पडलं होतं; मजुरांनी दोर लावून काढलं. काम झालेल्या बोअरच्या तोंडावर एकेक दगड ठेवला होता, बस. जवळच्या पाड्यावर पारबताबाई नावाच्या म्हातारीने हापशाचं पाणी लोट्यात दिलं. राखाडी होतं, आणि तोंडात कचकच आली.

"आधीपासून असंच?" शुभाने विचारलं.

"नाही माय. भोकं पाडली तवापासून."

शुभाने पिशवीतून अहवाल काढला. अट क्रमांक सोळा: काम संपताच प्रत्येक बोअर तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने बुजवला जाईल, म्हणजे खालचं खराब पाणी वरच्या चांगल्या पाण्यात मिसळणार नाही. हे वाक्य तिने शेकडो वेळा टाइप केलं होतं. तिथे, लोटा हातात धरून, तिला पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. "मेल्याहून मेल्यासारखं झालं रे," ती मला म्हणाली.

मशीन चालवणारा केवळराम पन्नाशीचा, शांत माणूस. त्याला तिने अट वाचून दाखवली.

"हे कोनं लिवलं, बाई?"

"मीच."

"मंग आमाले काऊन नाही सांगितलं?"

"इंग्रजीत आहे हो."

"आमी दगडाले भोक पाडतो, बाई. इंग्रजीले नाही."

मग तिने सगळ्या अटी मराठीत वाचून त्याच्या मोबाइलवर आवाजाचा मेसेज करून दिला. केवळरामने खड्ड्यात ताडपत्री अंथरली, भोवती काटेरी फांद्या लावल्या. कोळसा कंपनीच्या गेटपाशी कारंजं बांधायला सिमेंट आलं होतं. त्यातून त्याने आपले सातही बोअर बुजवले.

पंधरा दिवसांत आमच्या ऑफिसला कोळसा कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: 'एका मशीनवर मंजूर अटींचे पालन होत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तातडीने खुलासा करावा.'

साहेबांनी तिला बोलावलं. "तू अटी पाळायला लावल्यास?"

"आपणच लिहिल्यात ना, सर."

"लिहिणं आपलं काम! पाळणं आपल्या स्कोपमध्ये येतच नाही. आता बाकीची मशीनं वाईट दिसतायत त्याच्यापुढे. एकसारखेपणा गेला कामातला. वाट लावलीस!"

तिच्याकडून लेखी माफी मागवली. ती लिहायला बसली आणि दोन तासांनी कोरा कागद घेऊन उठली. नोकरी जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो.

पण केवळरामने तो मेसेज बाकीच्या मशीनवाल्यांना पाठवला होता, आणि तिथून तो पाड्यावर पोचला. ग्रामसभेत पारबताबाईने तो लाउडस्पीकरवर लावायला लावला. व्यासपीठावर कोळसा कंपनीचे मोठे अधिकारी, समोर अख्खं गाव, आणि भोंग्यातून शुभाचा घाटकोपरी आवाज: "अट सोळा. नीट ऐका हां." तो चालू असताना कुणाला उठून जाता येईना. शेवटी बावन्नच्या बावन्न बोअर बुजवायचं कंपनीने कबूल केलं, आणि दोन महिन्यांत बुजवलेही. पाणी हळूहळू निवळत गेलं.

यानंतर भूजल रक्षणाचा पुरस्कार आमच्या साहेबांना मिळाला. हॉटेलातल्या समारंभात त्यांनी 'माझी संकल्पना' हे शब्द चार वेळा वापरले. शुभा मागच्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पनीरचे तुकडे मात्र दोनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या टेबलापाशी आले. आता प्रत्येक अहवालाला आवाजाचा मेसेज जोडायचा असं ठरलं होतं.

"झकास बोलतेस तू," ते म्हणाले. "एकदाच रेकॉर्ड करून ठेव. गावाच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोड, मग आपण भरत जाऊ."

शुभाने चष्मा काढून पुसला.

"नाही जमणार, सर," ती म्हणाली. "आधी गावाचं पाणी पिऊन येईन, मग बोलेन."

साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. यवतमाळच्या नव्या कामाची फाइल समोर होती. तिने माझ्याकडून कोरा नकाशा मागून घेतला आणि त्यावर विहिरी कुठे आहेत ते विचारायला तिथल्या सरपंचांना फोन लावला.