सर्व्हरवाले काका आणि सगळ्यांचा झेड

आमच्या सर्व्हरवाल्या काकांइतका परवानगीवर विश्वास असलेला माणूस साऱ्या मेनूथमध्ये, कदाचित साऱ्या आयर्लंडमध्ये, दुसरा नसेल. काकू डॉक्टर; त्यांच्या नोकरीपायी काका पुण्याहून आले आणि इथल्या विद्यापीठात आमच्या विभागाच्या फाइली सांभाळू लागले. कोणता फोल्डर कुठल्या कॉम्प्युटरवर कोणत्या अक्षराच्या ड्राइव्हमध्ये दिसेल, तो कोणी नुसता वाचायचा, कोणी बदलायचा, हे तेच ठरवत. घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक प्रेसवर, म्हणजे कपाटावर, एकेक अक्षर चिकटवलेलं आणि लाडवांच्या डब्यावर चिठ्ठी: 'फक्त वाचण्यासाठी'. "ती मी लावलीय," काकू म्हणायच्या, "साखर वाढलीय त्यांची. डबा बघायचा, उघडायचा नाही."

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. काही मागायचं तर आधी मनात तीनदा वाक्य जुळवते. तसं जुळवून एकदा विचारलं, "काका, झेडवर मलाही लिहायची परवानगी मिळेल का? बाकी सगळ्यांना आहे." झेड म्हणजे सगळ्या संशोधकांच्या नोंदींचा सामायिक ड्राइव्ह.

"काय लिहायचंय?"

"तसं अजून काही नाही," मी म्हटलं.

"मग सध्या वाच. ग्रँड आहे!" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'छान चाललंय'.

मी हसले खरी, पण वाटलं, आपण इथं शोभत नाही हे यांनी ओळखलं.

माझ्या लॅपटॉपवर झेड म्हणजे माझाच कच्च्या फाइलींचा ड्राइव्ह होता. तो रिकामा करायची एक कमांड मी लिहून ठेवली होती. एका दुपारी लॅबच्या कॉम्प्युटरवर सवयीनं तीच चालवली. इथला झेड सगळ्यांचा, हे आठवलं तोवर स्क्रीनवर ओळी धावत होत्या. कुणाची चार वर्षं, कुणाची अख्खी पीएचडी. आईबाबांना काय सांगू, एवढंच डोक्यात. मग धीर करून ओळी वाचल्या. प्रत्येकीत एकच: ॲक्सेस डिनाइड, म्हणजे परवानगी नाही. एकही फाइल हलली नव्हती. मी खुर्चीतच रडायला लागले.

काका आले, स्क्रीन पाहिली. "अगं वेडे, पुण्यात मी असाच चुकून अख्खा ड्राइव्ह साफ केला होता. मला सगळी परवानगी होती ना!"

काकूंना आता दूर एनिस गावच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. जाण्याआधी काकांनी झेडवर माझ्या नावाचा फोल्डर उघडून त्याची मालकी माझ्या हाती दिली. आत कोणी यायचं ते आता मी ठरवते. यादीत दोनच नावं आहेत, माझं आणि त्यांचं. त्यांचं खातं बंद झालंय, त्यांना आता नुसतं वाचताही येत नाही. ते नाव काढायची परवानगी मला आहे. अजून काढलेलं नाही.