विहिरीला साडेनऊ

माझ्या साळ्यानं बनवलेल्या व्हिडिओ गेमला मी दहापैकी साडेनऊ मार्क दिले, आणि तो गेम मी खेळलो होतो पहिल्या विहिरीपर्यंत. विहिरीत पडलो, बाहेर काही निघता आलं नाही, मग आतूनच मार्क देऊन मोकळा झालो. मोकळा झालो असं मला तेव्हा वाटलं होतं.

मोताळ्यात बसस्टँडच्या बाजूला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक असलं की पीकविमा आणि सातबारा, नसलं की गेम. खेळून झालं की त्यावर मराठीत दहा-बारा ओळी लिहून इंटरनेटवर टाकायच्या आणि खाली मार्क द्यायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. बायको त्याला रोग म्हणते. पण वाचणारे होते, आणि भांडणारे तर त्याहून जास्त होते.

माझे निकाल मोठे कडक असत. एका परदेशी शेतीच्या गेमला मी पाच दिले. पाऊस सांगितलेल्या दिवशी येतो, कापूस वेचायला माणसं मिळतात, पिकात रोही, म्हणजे नीलगायी, शिरत नाहीत. ही शेती नाही, हा नवस आहे, असं लिहिलं. गाड्यांच्या शर्यतीला सात, कारण अख्ख्या रस्त्यात एक खड्डा नव्हता आणि तरी मी उलटलो. भुताच्या गेमला सहा. भूत चांगलं होतं, पण दुकानातल्या कूलरच्या घरघरीत त्याचं किंचाळणं ऐकूच येईना, आणि ते मार्क मी कूलरचे न कापता भुताचे कापले. फुटबॉलला चार. तिथं दुसरं काही कारण नव्हतं, मी हरलो होतो.

आपण पस्तीसला पेढे वाटणारी माणसं. पण गेमच्या दुनियेत सात म्हणजे नापासच, बनवणाऱ्याच्या घरी चूल पेटत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे सात देताना मला तहसीलदार झाल्यासारखं वाटायचं. आठच्या वर मी कधी कोणाला दिले नव्हते.

साळा पुण्याला एका कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून त्यानं एकट्यानं हा गेम बनवला आणि सगळ्यांच्या आधी मला पाठवला. गोष्ट साधी होती: एका माणसाचं वासरू हरवतं, तो शोधायला निघतो आणि पहिल्या पावलालाच विहिरीत पडतो. तिथून निघून ओढा, रान आणि डोंगर पार करून वासरू घरी आणायचं.

बायको दुकानात येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिली.

"माझ्या भावाचा आहे. नीट खेळा."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट," असं म्हणून ती गेली. तेवढ्यावरून मला काय ते समजलं.

विहीर मात्र सुंदर होती, हे आजही सांगतो. दगडी बांधकाम, भेगांतून आलेलं पिंपळाचं रोप, वर गोल आभाळ आणि त्यात मधूनच डोकावणारी घार. मी भिंतीला हात लावला की माणूस घसरून पाण्यात. उडी मारली की पाण्यात. पिंपळाला धरलं तर पिंपळासकट पाण्यात. दोन-तीन संध्याकाळी मी त्या पाण्यात काढल्या. शेवटी तर दुकानात बसल्या बसल्या माझ्याच अंगाला ओल आल्यासारखं वाटायला लागलं. दोष गेमचा असेल असं एकदाही मनात आलं नाही. आपले अंगठे जाड, आपलं वय झालं, पुण्याच्या पोरांना हे सहज जमत असेल, असं धरून चाललो. आणि गेमला मार्क देणारा माणूस पहिल्याच विहिरीत राहिला, हे लिहायचं कसं?

तेव्हा मी जे पाहिलं होतं त्यावरच लिहिलं. 'विहिरीतली घुसमट अशी उभी केली आहे की खेळणारा बाहेरचं जग विसरतो. खरं सांगायचं तर बाहेर निघावंसंच वाटत नाही.' आणि खाली, 'पुढच्या भागांबद्दल मुद्दाम काही बोलत नाही, वाचकांची मजा जाईल.' गुण साडेनऊ. अर्धा मार्क का कापला, तर नातलग आहे म्हणून पूर्ण दिले असं कोणी म्हणू नये.

साळ्याचा लगेच फोन आला. "भाऊजी, तुम्ही तं आठच्या वर कोणालेच देत नाही," एवढंच तो दोनदा म्हणाला. मी "गुणाला गुण देतो बाबा," म्हणालो आणि चहा मागवला.

त्यानंतर अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा. सासुरवाडी सोनाळ्याची. ऐन उन्हाळ्यात बस बदलत बदलत आम्ही दोघं पोचलो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय काय करतात हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको. सकाळी तेल लावून आंघोळ. मग नवीन शर्ट-पँट, लग्नातल्या मापानं शिवलेली. बटण लागलं, पण श्वास आणि बटण यांतलं एकच काहीतरी चालू ठेवता येत होतं. मग पाट, दिवा, अनारशांचं ताट आणि पुरण भरलेले धोंडे, वरून तुपाची धार. सासूबाई वाढताना ताटाकडं बघत नाहीत, जावयाच्या तोंडाकडं बघतात. तोंड हललं की वाढतात.

हात धुवून उठतो तर बैठकीत टीव्हीला लॅपटॉप जोडलेला. समोर एकच खुर्ची. त्या खुर्चीभोवती खाली सतरंजीवर सासूबाई, बायको आणि शेजारपाजारची चार माणसं. सासरे दाराशी पलंगावर, म्हणजे दार त्यांच्या ताब्यात.

सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे, माणूस कमी बोलणारा. त्यांनी मला खुर्ची दाखवली.

"बसा जावईबापू. आमचं पोरगं म्हणते, नोकरी सोडतो अन् घरी बसून हेच करतो. मले यातलं समजत नाही. मी म्हटलं, जावई बाहेरदेशातल्या गेमले नापास करते, त्याहीनं तुले साडेनऊ देले, तं काही असन. आता तुम्ही खेळून दाखवा. साडेनऊ कसे आले थे मले पाहू द्या. मग मी हाव म्हणतो."

साळा माझ्याकडं बघत होता. सोनाळ्याच्या उन्हाळ्यात आभाळाकडं बघतात तसं. त्याची नोकरी, त्याचा गेम, त्याच्या बापाचा होकार, सगळं माझ्या जाड अंगठ्यांवर येऊन थांबलं होतं.

"जरा मळमळते," मी म्हणालो.

"सोडा आणू का?" म्हणत सासूबाईंनी आणलाही.

"पाचची बस..."

"आज कोणती बस? आज राहाचं," बायको म्हणाली.

रोज दुपारी न चुकता जाणारी लाइट त्या दिवशी जायला तयार नव्हती. मी बसलो. माणूस निघाला, एक पाऊल टाकलं आणि धप्पकन विहिरीत.

"अगं बाई, पडले!" सासूबाई.

"तिथं पडाच लागते, आई," साळा कौतुकानं म्हणाला. "आता पाहा भाऊजी कसे निघते."

भाऊजी भिंतीला धरत होते आणि घसरत होते. मी वेळ काढायला समीक्षा सुरू केली. "हे दगडकाम बघा. हा पिंपळ बघा. पाण्यावर उजेड कसा हलतो आहे..."

"इहीर आपल्या वावरातही हाये," सासरे म्हणाले. "तुम्ही वर या."

पुन्हा धप्प. पुन्हा धप्प. नव्या शर्टाच्या आत घामाची वेगळी विहीर झाली होती. शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "काऊन व, हे असंच असते का शेवटपर्यंत?" बायको माझ्याकडं बघत नव्हती, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी साळा हसत पुढं आला. "द्या इकडं भाऊजी. पोट भरलं की हात चालत नाही." त्यानं भिंतीला हात घातला. घसरला. परत घातला. परत घसरला. त्याचं हसू हळूहळू पुसत गेलं. मग त्यानं लॅपटॉप ओढून घेतला आणि बराच वेळ कायकाय उघडून बघत बसला.

"भिंतीत चढाचे दगड होते," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मी शेवटच्या दिवशी भिंत देखणी केली. दगड भिंतीच्या आत गेले. मी दरवेळी ओढ्यापासून सुरू करतो, इहिरीत कोण पडत बसते? मले समजलंच नाही." मग मान वर करून त्यानं मला विचारलं, "पण भाऊजी, तुम्ही कसे निघाले होते?"

मी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"मी दुसऱ्या बाजूनं..."

"इहीर गोल हाये."

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही निघालेच नव्हते ना?"

मी घारीकडं बघितलं. गोल आभाळात ती अजून डोकावत होती.

साळ्यानं मोबाइल काढला. माझे मार्क वाचून इंटरनेटवर गेम घेणाऱ्या लोकांनी त्याखाली काय काय लिहिलं होतं ते तो वाचत गेला. इहीर भल्ली मस्त. इहीर पाहून गावाची याद आली. एकानं तर माझंच वाक्य उतरवलं होतं, बाहेर निघावंसंच वाटत नाही. ओढ्याबद्दल कोणी नाही. रानाबद्दल नाही. वासराचं तर नावच नाही.

"म्हणजे कोणीच निघालं नाही," तो म्हणाला. "सगळे आतच हायेत. अन् मी समजून राह्यलो होतो, लोकायले इहीर आवडली." मग आवाज न चढवता म्हणाला, "भाऊजी, तुम्ही दोन मार्क देले असते अन् लिहिलं असतं की निघता येत नाही, तं मी त्याच दिवशी दगड बाहेर काढले असते."

मी आयुष्यात पाच दिले, चार दिले, भुताचेही कापले, पण कोणी माझ्याकडं कमी मार्क मागितले नव्हते. ढेकर आली, ती दाबली.

आता बाप पोराला पुण्याच्या बसमध्ये बसवून देणार, असं मला वाटलं. पण सासरे पलंगावरून उठले आणि साळ्याजवळ खाली सतरंजीवर येऊन बसले.

"दगड बाहेर काढाले किती वेळ लागते?"

"चहा होईपर्यंत."

"काढ मंग."

साळा मांडी घालून कामाला लागला. सासऱ्यांनी पोराला हे काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते पडद्याकडं कमी आणि पोराच्या हाताकडं जास्त बघत होते. सासूबाईंचा चहा आला तेव्हा भिंतीत एक दगड आला होता, मग दुसरा, मग वरपर्यंत. माणूस हात घालून, पाय रोवून चढला, काठावर आला, आणि समोर ओढा दिसला. खरंच चांगला ओढा होता. मीही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि "वा!" असं माझ्या तोंडून गेलं, तेव्हा सगळे माझ्याकडं वळले.

"वासरू कुठं हाये?" सासऱ्यांनी विचारलं.

"डोंगराच्या मागं."

"त्याले पाणी पाजलं का कोणी?"

"नाही, बाबा."

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दिवाळीपर्यंत करून पाह," ते म्हणाले. "पण एकदा अडकलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. ओढ्यात कुठं अडकते, रानात कुठं अडकते, हे आधी पाहाले लागन. तू पाहशीन तं तुले दिसणार नाही, तुले सगळी वाट माहीत. पाहणार कोण?"

साळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पिशवी शोधायला लागलो.

"बस गेली," बायको म्हणाली.

"उद्याची आहे. दुकान बंद..."

"महिना अजून सरला कुठं? धोंडे पुष्कळ हायेत," सासूबाई म्हणाल्या.

"पण मी कशाला?" मी काकुळतीला आलो. "माझ्या मार्कांना आता काय किंमत आहे?"

"मार्क नका देऊ," साळा म्हणाला. "फक्त खेळा."

सासऱ्यांनी मला हातानं परत त्या खुर्चीवर बसवलं आणि मोठ्या आदरानं म्हणाले, "राहा जावईबापू. ज्यातून तुम्ही निघाल, त्यातून आमची म्हैसही निघन."