मास्टरांचा थैला

अंबरनाथ स्टेशनवर त्या दुपारी पोलिसानं मला विचारलं, "याला ओळखता का?" मी म्हणालो, "बघितलंय. ओळखत नाही." ते खोटं होतं. सात वर्षं झाली, मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी उल्हासनगरला एका गोदामात कारकून आहे, राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. पहिली पाळी संपवून दुपारच्या गाडीनं परतताना मास्टर भेटायचे. जीन्स शिवण्यात हयात गेलेली, म्हणून मास्टर. एका शेटकडून शिवलेल्या पँटी घ्यायच्या, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या बायकांना धागे कापायला आणि बटणं ठोकायला द्यायच्या, तयार माल परत पोचवायचा, हे त्यांचं काम. डावा पाय लहानपणापासून लुळा, बगलेत कुबडी. बसायचे अपंगांच्या डब्यात, पण थैला तिथे नेत नसत. म्हणायचे, "मला वर चढवता येत नाही, खाली ठेवला तर आंधळ्या माणसांच्या पायात येतो." म्हणून गाडी लागली की थैला माझ्या हातात. मी तो शेजारच्या आमच्या डब्यात फळीवर टाकायचो, बदलापूरला उतरवून द्यायचो. असं सहा वर्षं चाललं होतं.

"मास्टर, आमच्या मापाची एक काढा की यातनं," गाडीची वाट बघताना आमच्या डब्यातला एकजण रोज म्हणायचा.

"भाऊ, तुमच्या पोटाला दोन टेप जोडाव्या लागतील. शेट टेपचे पण पैसे कापतो."

त्या आठवड्यात दुसऱ्या एका शहरात स्फोट झाला होता. स्टेशनवर सारख्या घोषणा, बेवारस वस्तूला हात लावू नका. पुलाजवळ धातू तपासणारी चौकट उभी केलेली. मास्टरांना दोनदा बाजूला घेऊन थैला उघडायला लावला. "चौकट वाजते कुबडीला," ते हसून म्हणाले, "आणि हे बघतात दाढीकडे." मीही हसलो.

त्या दिवशी नेहमीचे सोबती नव्हते. उल्हासनगर सुटलं आणि समोरच्या बाईनं वर बघून विचारलं, "ये किसका है?" एकानं उठून थैला चाचपला. "अंदर डब्बा है. लोहे का."

बटणांचा डबा होता तो. मला माहीत होतं. दोन शब्द बोलायचे होते, माझा आहे. सगळे माझ्याकडे संशयानं बघतील याची भीती वाटली, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. माझ्या मनात आलं, सहा वर्षांत आपण हा थैला एकदा तरी उघडून पाहिलाय का? ज्याच्याबरोबर रोज हसलो, त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

अंबरनाथ आलं. कुणीतरी ओरडलं, सगळे उतरले. मीही उतरलो, पुढच्याला ढकलून.

पोलीस आले. तेवढ्यात मास्टर कुबडी टेकत घाईघाईनं आले. "अहो, माझा आहे! बटणं आहेत त्यात! त्या भाऊंना विचारा, त्यांनीच वर ठेवलाय." माझ्याकडे बोट दाखवताना चेहरा उजळला होता त्यांचा. आपला माणूस दिसल्यावर उजळतो तसा.

मग तो प्रश्न, आणि माझं उत्तर.

ते भांडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, ओठांवर हसू तसंच राहिलेलं. पोलिसांनी त्यांना प्लॅटफॉर्मवर खाली बसवलं. कुत्रं आणलं, पँटी एकेक करून फरशीवर पसरल्या, डबा उघडला. बटणंच निघाली. तरी चौकशीला नेलंच, सोडलं दुसऱ्या दिवशी. तोवर त्यांना खाली बसवल्याचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ शेटच्या मोबाइलवर पोचला होता. माल मिळणं बंद झालं.

महिन्याभरानं ते आमच्या दारात आले. तीन जिने चढून. मी स्वयंपाकघरात होतो, आवाज ओळखला आणि बायकोला हातानंच खुणावलं, नाही म्हण.

"ते गावाला गेलेत," ती म्हणाली.

"भाभी, आले की सांगा, एकदा शेटसमोर या. मी थैला तुमच्या ताब्यात दिला होता, बेवारस सोडला नव्हता, एवढंच बोला. दुसरं काही नको."

माझ्या चपला दारातच होत्या. एक उलटी पडली होती. त्यांनी कुबडीच्या टोकानं ती सरळ केली, "बरं" म्हणाले आणि उतरायला लागले. हे बायकोनं नंतर सांगितलं. "कोण होते हो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काय माहीत."

आता ते उल्हासनगरला एका जिन्याखाली मशीन मांडून पँटी आखूड करून देतात. मी पलीकडच्या फुटपाथनं जातो. बेवारस वस्तूंची ती घोषणा अजून रोज होते. ती संपेपर्यंत मी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असतो. कधीकधी वाटतं, आता बोलून काय होणार, शेटनं दुसरा माणूस कधीच लावलाय. कदाचित काहीच होणार नाही.

तरी त्या शेटसमोर, मास्टरांच्या देखत, मला एवढं सांगायचं आहे की थैला माझ्याकडे होता. तेवढं माझ्याकडून राहिलं आहे.